प्रवाळांची ताणसहनशीलता आणि सहजीवी शैवाल

उष्णकटिबंधीय समुद्रांतील भित्ती उभारणारे बहुतेक प्रवाळ आपल्या पेशींमध्ये सूक्ष्म, एकपेशीय शैवाले बाळगतात. ही शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात व त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देतात. त्या बदल्यात त्यांना आसरा आणि पोषकद्रव्ये मिळतात. परस्परांना लाभदायक अशा या संबंधास सहजीवन म्हणतात. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापल्यास, क्षारता अचानक बदलल्यास किंवा पाणी प्रदूषित झाल्यास हे सहजीवन मोडते, शैवाले प्रवाळाबाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरे दिसू लागतात. या घटनेस प्रवाळ विरंजन असे म्हणतात. विरंजन केव्हा सुरू होईल, प्रवाळ त्यातून सावरेल की मरेल, हे अंशतः त्याच्या शरीरात कोणत्या प्रकारचे शैवाल आहे यावर ठरते. समुद्राचे तापमान वाढत असताना प्रवाळभित्ती टिकतील काय, या प्रश्नाच्या अभ्यासात म्हणूनच या शैवालांना मध्यवर्ती स्थान मिळाले आहे.

## नाव आणि वर्गीकरण

प्रवाळांतील या शैवालांना रूढ भाषेत 'झूझँथेली' म्हणतात. 'प्राण्यातील पिवळे जीव' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल ब्रांट यांनी १८८१ मध्ये योजले. शैवालांचा रंग पिवळसर तपकिरी असतो आणि निरोगी प्रवाळाची तपकिरी छटा मुख्यतः त्यांच्यामुळेच येते.

ही शैवाले डायनोफ्लॅजेलेट या गटात मोडतात. मुक्त अवस्थेत त्यांना दोन कशाभिका असतात व त्यांच्या साहाय्याने ती पोहतात. प्रवाळाच्या पेशीत शिरल्यावर कशाभिका नाहीशा होऊन ती गोलाकार होतात. ह्यूगो फ्रॉयडेन्थल यांनी १९६२ मध्ये 'सिंबायोडिनियम मायक्रोअॅड्रियाटिकम' या नावाने त्यांचे वर्णन केले. त्यानंतर बराच काळ प्रवाळांतील सर्व शैवाले या एकाच जातीची किंवा फार तर एकाच वंशातील काही जातींची असावीत, असे मानले जात होते. १९९० च्या दशकात जनुकीय तपासणीची साधने उपलब्ध झाल्यावर हा समज दूर झाला. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या या शैवालांत मोठी विविधता आढळली आणि त्यांना 'अ', 'ब', 'क', 'ड' अशा क्रमाने शाखानामे देण्यात आली.

२०१८ मध्ये टॉड लाजनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शाखांना स्वतंत्र वंशांचा दर्जा दिला. हे सर्व वंश सिंबायोडिनिएसी या कुलात येतात. प्रवाळांच्या दृष्टीने महत्त्वाचे चार वंश पुढीलप्रमाणे आहेत:

* सिंबायोडिनियम (पूर्वीची शाखा अ)
* ब्रेव्हिओलम (पूर्वीची शाखा ब)
* क्लॅडोकोपियम (पूर्वीची शाखा क)
* डुरुसडिनियम (पूर्वीची शाखा ड)

याच संशोधनानुसार या कुलाचा उगम सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे ज्युरासिक काळात झाला असावा.

## सहजीवनाचे स्वरूप

प्रवाळ हा वनस्पती वा दगड नसून प्राणी आहे. पॉलिप नावाच्या असंख्य लहान जीवांची मिळून त्याची वसाहत बनते. पॉलिपच्या शरीरभित्तीत पेशींचे दोन थर असतात. त्यांपैकी आतल्या थरातील पेशींमध्ये शैवाले राहतात. प्रत्येक शैवाल प्रवाळपेशीने तयार केलेल्या पातळ पटलाच्या आवरणात बंदिस्त असते. प्रवाळाच्या एक चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाखाली अशा शैवालांची संख्या साधारणतः दहा लाख किंवा त्याहून अधिक असते.

प्रकाशसंश्लेषणातून तयार झालेली शर्करा, ग्लिसरॉल, मेद व अमिनो आम्ले शैवाल प्रवाळाला पुरवते. अनुकूल प्रकाश असताना उथळ पाण्यातील प्रवाळाची ऊर्जेची ९० टक्क्यांपर्यंत गरज या मार्गाने भागू शकते. उरलेले अन्न प्रवाळ आपल्या स्पर्शकांनी प्राणिप्लवक पकडून मिळवतो. प्रवाळाच्या श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि चयापचयातून निघणारा अमोनिया शैवालाच्या उपयोगी पडतो. एकाचे टाकाऊ द्रव्य दुसऱ्याचे अन्न ठरत असल्यामुळे फारच थोडे पोषण वाया जाते. पोषकद्रव्यांच्या दृष्टीने जवळजवळ रिकाम्या असलेल्या उष्णकटिबंधीय निळ्या पाण्यात प्रवाळभित्तीसारखी समृद्ध परिसंस्था उभी राहू शकते, ती यामुळेच.

शैवालाच्या उपस्थितीत प्रवाळाची कॅल्शियम कार्बोनेट साचवण्याची गतीही वाढते. त्यामुळे भित्तीची वाढ लाटांच्या व खडक पोखरणाऱ्या जीवांच्या झिजेपेक्षा अधिक राहते. शैवाल गमावलेला प्रवाळ काही आठवडे जगू शकतो, परंतु त्याची वाढ आणि प्रजनन मंदावते व रोगांचा प्रादुर्भाव वाढतो.

या संबंधातील समतोल नाजूक असतो. प्रवाळ शैवालाला नायट्रोजन हात राखून पुरवतो. नायट्रोजन मर्यादित असल्याने शैवालाची संख्या आवाक्यात राहते आणि तयार झालेली जादा शर्करा ते प्रवाळाला देते. शैवालाला नायट्रोजन मुबलक मिळू लागला की ते ही शर्करा स्वतःच्या वाढीसाठी वापरते. सहजीवन बिघडण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

## शैवालाचा स्वीकार

नव्या पिढीतील प्रवाळाला शैवाल दोन मार्गांनी मिळते. ॲक्रोपोरासारखे अनेक प्रवाळ आपली बीजांडे व शुक्रपेशी पाण्यात सोडतात. त्यातून निर्माण होणारे डिंभ शैवालरहित असतात व ते आजूबाजूच्या पाण्यातून किंवा तळावरील गाळातून शैवाल मिळवतात. हा क्षैतिज मार्ग होय. पोसिलोपोरा, मॉन्टिपोरा आणि पोरायटिस यांसारख्या प्रवाळांत मात्र शैवाल मातेकडून थेट बीजांडात किंवा डिंभात येते. हा उभा मार्ग होय.

पहिल्या मार्गात पिलांना स्थानिक परिस्थितीस अनुरूप शैवाल मिळण्याची संधी असते, परंतु योग्य शैवाल न मिळण्याचा धोकाही असतो. दुसऱ्या मार्गात सोबती निश्चित असतो, पण निवडीला वाव कमी राहतो. क्षैतिज मार्गाने शैवाल घेणारी पिले सुरुवातीस अनेक प्रकार आत घेतात. पुढे त्यांतील एक किंवा दोन प्रकार वरचढ ठरतात.

## उष्णतेचा ताण आणि विरंजन

प्रवाळ आपल्या परिसरातील उन्हाळी कमाल तापमानाच्या अगदी जवळ जगत असतात. त्या कमाल मासिक सरासरीपेक्षा पाणी केवळ १ अंश सेल्सियसने अधिक तापले आणि ती स्थिती काही आठवडे राहिली, तर विरंजन सुरू होऊ शकते. अमेरिकेची राष्ट्रीय महासागर व वातावरण संस्था (नोआ) उपग्रहांच्या नोंदींवरून 'उष्णता-आठवडे' हे मापक काढते. त्यात तापमानातील वाढ आणि तिचा कालावधी या दोहोंचा एकत्रित हिशेब असतो. हा आकडा ४ वर गेल्यास लक्षणीय विरंजनाची, तर ८ वर गेल्यास तीव्र विरंजनाची व प्रवाळ मरण्याची शक्यता मानली जाते.

पेशींच्या पातळीवर घडणाऱ्या घटनांचा क्रम साधारणपणे असा सांगता येतो:

# उष्णतेमुळे शैवालाच्या प्रकाशसंश्लेषण यंत्रणेतील प्रथिनांची हानी होते आणि त्यांची दुरुस्ती हानीच्या वेगाने होत नाही.
# शोषलेल्या प्रकाशाची ऊर्जा अन्ननिर्मितीत खर्च होऊ शकत नाही. ती ऑक्सिजनकडे वळते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी अतिक्रियाशील संयुगे तयार होतात.
# ही संयुगे शैवालाच्या पटलांतून प्रवाळपेशीत पसरतात व तेथील प्रथिने, मेद आणि डीएनए यांना इजा पोहोचवतात.
# प्रवाळपेशी शैवाल बाहेर टाकते, पचवून टाकते किंवा शैवालासह स्वतःच मरते वा गळून पडते.

अतिप्रकाशाने ही प्रक्रिया तीव्र होते. म्हणूनच शांत, स्वच्छ व निरभ्र दिवसांत विरंजन वेगाने होते आणि वसाहतीचा वरचा भाग बहुधा आधी पांढरा पडतो. शैवाल निघून गेल्यावर प्रवाळाच्या पारदर्शक ऊतींतून खालचा चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. विरंजित प्रवाळ त्या क्षणी मेलेला नसतो, तो उपाशी असतो. पाणी वेळीच निवले तर ऊतींत उरलेल्या थोड्या शैवालांपासून काही आठवडे ते काही महिन्यांत त्याची संख्या पूर्ववत होऊ शकते.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगळी बाजूही समोर आली. उष्णतेत प्रवाळाची स्वतःची ऊर्जेची गरज वाढते आणि तो अमिनो आम्ले जाळू लागतो. त्यातून अमोनिया अधिक सुटतो. हा नायट्रोजन मिळाल्याने शैवाल वाढू लागते आणि प्रवाळाला मिळणारा शर्करेचा वाटा घटतो. म्हणजे रंग जाण्याच्या कितीतरी आधीच, बाहेरून निरोगी दिसत असताना, प्रवाळाची उपासमार सुरू झालेली असू शकते.

## शैवालाचे प्रकार आणि सहनशीलता

सर्व शैवाले उष्णता सारखीच सहन करत नाहीत. हिंदी व प्रशांत महासागरांतील प्रवाळांमध्ये क्लॅडोकोपियम हा वंश सर्वाधिक आढळतो. त्यातील अनेक प्रकार भरपूर अन्न पुरवतात, परंतु उष्णतेत लवकर निकामी होतात. डुरुसडिनियम वंशातील काही जाती, विशेषतः डुरुसडिनियम ट्रेंचाय, उष्णतेत अधिक तग धरतात. मात्र वंशावरून सरसकट निष्कर्ष काढता येत नाही, कारण क्लॅडोकोपियममध्येही अतिशय उष्णतासहिष्णू जाती आहेत.

### अदलाबदल

विरंजन ही केवळ हानी नसून नवा, अधिक योग्य सोबती स्वीकारण्याची संधीही असू शकते, अशी कल्पना रॉबर्ट बडेमायर आणि डॅफ्नी फॉटिन यांनी १९९३ मध्ये मांडली. तिला 'अनुकूलक विरंजन गृहीतक' म्हणतात. ही अदलाबदल दोन प्रकारे होऊ शकते. प्रवाळात आधीपासून अल्प प्रमाणात असलेला प्रकार बहुसंख्य होणे हा पहिला प्रकार, तर बाहेरून पूर्णतः नवा प्रकार येणे हा दुसरा. प्रौढ प्रवाळांत पहिला प्रकार अधिक दिसतो.

ऑस्ट्रेलियातील रे बर्केलमन्स व मॅडेलिन व्हॅन ओपेन यांनी २००६ मध्ये याचा ठळक पुरावा प्रसिद्ध केला. ग्रेट बॅरियर रीफच्या दक्षिणेकडील थंड पाण्यातील ॲक्रोपोरा मिलेपोरा या प्रवाळाच्या वसाहती त्यांनी उत्तरेकडील उष्ण पाण्यात नेल्या. विरंजनातून वाचलेल्या वसाहतींमध्ये क्लॅडोकोपियमच्या जागी डुरुसडिनियम प्रबळ झाले होते आणि त्यांची उष्णता सोसण्याची मर्यादा सुमारे १ ते १.५ अंश सेल्सियसने वाढली होती.

### सहनशीलतेची किंमत

ही वाढीव सहनशीलता फुकट मिळत नाही. डुरुसडिनियम सामान्य तापमानात प्रवाळाला तुलनेने कमी अन्न देते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, क्लॅडोकोपियम बाळगणारी ॲक्रोपोराची पिले डुरुसडिनियम बाळगणाऱ्या पिलांपेक्षा दोन ते तीन पट वेगाने वाढल्याचे आढळले. प्रौढ वसाहतींतही वाढीतील घट नोंदली गेली आहे. मंद वाढीचा प्रवाळ वादळानंतर उशिरा सावरतो, जागेच्या स्पर्धेत मागे पडतो आणि त्याची प्रजननक्षमताही कमी राहू शकते.

उन्हाळे पुन्हा सौम्य झाल्यास अनेक प्रवाळांत काही वर्षांत मूळ शैवाल परत वरचढ होते. त्यामुळे पुढील उष्णतालाटेपर्यंत मिळवलेले संरक्षण टिकेलच असे नाही.

## प्रवाळ आणि परिसर यांचा वाटा

शैवाल हा सहनशीलतेचा एक घटक आहे, एकमेव नव्हे. प्रवाळाच्या ऊतींची जाडी, साठवलेले मेद, हानिकारक ऑक्सिजन संयुगे नष्ट करणारी विकरे, प्रकाश अडवणारी रंगीत प्रथिने आणि शिकार पकडून पोट भरण्याची क्षमता यांवरही बरेच अवलंबून असते. गोलाकार, जाड ऊतींचे पोरायटिस सहसा टिकतात, तर फांद्यांसारखे ॲक्रोपोरा आधी बळी पडतात. तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाला असलेल्या अकाबाच्या आखातातील प्रवाळ आपल्या नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा कितीतरी अधिक उष्णता सोसतात. त्यांचे पूर्वज तांबड्या समुद्राच्या उष्ण दक्षिण भागातून उत्तरेकडे आले आणि त्या प्रवासात उष्णता न सोसणारे गळून पडले, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

स्थानिक प्रदूषणाचा प्रभावही मोठा आहे. सांडपाणी व शेतीतील खते यांमुळे पाण्यात नायट्रोजन वाढला आणि त्या प्रमाणात फॉस्फरस नसला, तर शैवालाच्या पटलांची रचना बिघडते व विरंजन कमी तापमानालाच सुरू होते.

प्रशांत महासागरातील किरितिमाती बेटावर २०१५-१६ च्या एल निनो काळात याचे उदाहरण दिसले. सुमारे दहा महिने चाललेल्या उष्णतालाटेत तेथील बहुतेक प्रवाळ मेले. तथापि मानवी वस्तीपासून दूर असलेल्या भागात काही वसाहती पाणी तापलेले असतानाच सावरल्या. त्यांनी उष्णतासंवेदनशील शैवाल गमावून डुरुसडिनियम स्वीकारले होते. वस्तीलगतच्या भागात असे सावरणे आढळले नाही.

## निवडक प्रदेश

### पर्शियाचे आखात

या उथळ आखातातील पाणी उन्हाळ्यात ३४ ते ३५ अंश सेल्सियसपर्यंत तापते. अन्यत्र बहुतेक प्रवाळ या तापमानात मरतील. येथील अनेक प्रवाळांत क्लॅडोकोपियम थर्मोफिलम ही शैवालजाती असल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. या प्रवाळांना सामान्य क्षारतेच्या पाण्यात ठेवल्यावर त्यांची उष्णतासहनशीलता घटली. म्हणजेच आखातातील अधिक खारटपणाशी ती जोडलेली आहे. हे प्रवाळ दुसऱ्या समुद्रात नेऊन लावले तर ते तसेच कणखर राहतील, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात अबू धाबीच्या किनाऱ्यालगत याच कणखर प्रवाळांचा मोठ्या प्रमाणावर नाश झाला.

### कॅरिबियन समुद्र

डुरुसडिनियम ट्रेंचाय मूळची हिंदी-प्रशांत क्षेत्रातील असून ती अलीकडच्या काळात कॅरिबियनमध्ये पोहोचली, असे जनुकीय पुराव्यांवरून मानले जाते. २००५ च्या विरंजनकाळात तिचा प्रसार वाढला. तिच्यामुळे काही प्रवाळ वाचले; परंतु भित्ती उभारणाऱ्या प्रमुख प्रवाळांची चुना साचवण्याची गती तिच्या उपस्थितीत घटते. आक्रमक परकी जाती असूनही उपकारक ठरल्यामुळे तिच्याकडे कसे पाहावे, याबद्दल संशोधकांत मतभेद आहेत.

### ग्रेट बॅरियर रीफ

येथे १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ या वर्षी व्यापक विरंजन झाले. २०१६ मधील उष्णतेनंतर काही महिन्यांत या भित्तीवरील उथळ पाण्यातील सुमारे ३० टक्के प्रवाळ नष्ट झाले. दोन घटनांमधील अंतर कमी होत गेल्याने सावरण्यास लागणारा काळच शिल्लक राहत नाही, ही येथील मुख्य चिंता आहे.

### भारत

भारतात लक्षद्वीप, अंदमान व निकोबार, मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी आणि कच्छचे आखात ही प्रमुख प्रवाळक्षेत्रे आहेत. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये तीव्र विरंजन झाले. तेथील दीर्घकालीन निरीक्षणांनुसार १९९८ नंतरच्या सुमारे अडीच दशकांत जिवंत प्रवाळांचे आच्छादन जवळजवळ निम्म्यावर आले. लक्षद्वीपची बेटे प्रवाळांनीच घडवलेली असल्याने भित्तीची वाढ थांबणे म्हणजे किनाऱ्याची झीज होणे व गोड्या भूजलात खारे पाणी शिरणे होय.

महाराष्ट्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील मालवण सागरी अभयारण्यात (घोषणा १९८७) प्रवाळ आढळतात. पावसाळ्यातील गढूळ पाणी व घटणारी क्षारता यांना ते सरावलेले आहेत. तरीही येथे विरंजन झाल्याचे गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी नोंदवले आहे. मालवणच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर 'आंग्रिया बँक' हे पाण्याखालील पठार असून त्यावरही प्रवाळ आहेत. मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून ते ओळखले जाते. भारतात कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीनुसार संरक्षण आहे. मात्र हा कायदा तोड व व्यापार रोखू शकतो, तापलेल्या पाण्यापासून बचाव करू शकत नाही.

## साहाय्यित उत्क्रांती

शैवालाची सहनशीलता प्रयोगशाळेत वाढवण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी क्लॅडोकोपियमच्या दहा वाणांना सुमारे चार वर्षे ३१ अंश सेल्सियस तापमानात वाढवले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हे सर्व वाण स्वतंत्रपणे उष्णता सोसू लागले. परंतु प्रवाळाच्या डिंभात सोडल्यावर त्यांपैकी केवळ तीन वाणांनी डिंभांची विरंजनाविरुद्धची क्षमता वाढवली. शैवाल काचपात्रात कणखर असणे आणि सहजीवनात उपयोगी पडणे या भिन्न गोष्टी असल्याचे यावरून दिसते.

## मर्यादा

सोबती बदलून मिळणारा लाभ साधारणतः १ ते १.५ अंश सेल्सियसइतका आहे. सर्वच प्रवाळ सोबती बदलू शकत नाहीत. कित्येक जाती एकाच विशिष्ट शैवालाशी बांधलेल्या असतात. महासागराच्या आम्लीकरणाविरुद्ध शैवालबदलाचा फारसा उपयोग होत नाही.

हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) २०१८ च्या विशेष अहवालानुसार, जागतिक तापमानवाढ १.५ अंश सेल्सियसवर रोखली तरी उष्णकटिबंधीय प्रवाळभित्ती आणखी ७० ते ९० टक्क्यांनी घटण्याची शक्यता आहे. वाढ २ अंशांवर गेल्यास ही घट ९९ टक्क्यांहून अधिक असेल. एप्रिल २०२४ मध्ये नोआने चौथी जागतिक विरंजन घटना सुरू असल्याचे घोषित केले. सहजीवी शैवालांतील विविधतेमुळे प्रवाळांना सावरण्यास काही अवधी मिळू शकतो. तो किती उपयोगी पडेल, हे हरितगृह वायूंचे उत्सर्जन व किनाऱ्यालगतचे प्रदूषण किती लवकर घटते यावर अवलंबून आहे.

## हेही पहा

* प्रवाळ
* प्रवाळ विरंजन
* सहजीवन
* एल निनो
* महासागरांचे आम्लीकरण
* मालवण सागरी अभयारण्य
* लक्षद्वीप